ठाण्याहून लेहच्या बर्फावर, पंचेचाळीस सेकंदांसाठी

10 जून 2025, मंगळवार. ठाण्याला 10 नंबरच्या फलाटावर वाशी गाडीची वाट बघत होते आणि मोबाइलवर बातमी दिसली: यूएईतल्या अल ऐन इथे झालेल्या आशिया कपमध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघानं कांस्यपदक मिळवलं. गाडी आली, मला खिडकीही मिळाली, आणि ऐरोली गेलं तरी मी तीच बातमी वाचत होते.

मी एकोणतीस वर्षांची. वाशीतल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. सातवी ते बारावी मी रोलर हॉकी खेळले, फॉरवर्डला. पुढे कॉलेज, मग बँकेच्या परीक्षा, आणि खेळ कधी सुटला ते कळलंही नाही. बातमी वाचून आपण लगेच देशासाठी खेळू असं काही वाटलं नव्हतं. फक्त एकदा खऱ्या बर्फावर फॉरवर्ड म्हणून उतरून बघायचं होतं. त्याला आठ महिने आणि एक आवर्ती ठेव लागली.

हे सगळं सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की त्या आठ महिन्यांत मला पडलेले प्रश्न विचारायला ठाण्यात माणूसच सापडत नव्हता. आणि आधीच सांगून टाकते, शेवटी कुठलंही पदक नाही.

त्याच आठवड्यात रविवारी बाबांनी स्टूल धरलं आणि मी माळ्यावरून खोकं उतरवलं. इनलाइन स्केट्सचे बूट शाबूत होते, पण चाकांना हात लावला तर शिळ्या नानकटाईसारखा भुगा हातात आला. पॉलियुरेथेनची चाकं आपल्या दमट हवेत नुसती पडून राहिली तरी ठिसूळ होतात. नवी चाकं आणि बेअरिंग मिळून 3,200 रुपये गेले. तुमचेही जुने स्केट्स असतील तर पायात घालायच्या आधी चाक नखानं दाबून बघा.

मग पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर स्केटिंग विसराच. आमच्या वसंत विहारच्या सोसायटीत पार्किंगमध्ये 'येथे स्केटिंग करण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी आहे. ती माझ्याचमुळे लागली होती, मी आठवीत असताना. सेक्रेटरी काकांना भेटले तर ते म्हणाले, "अगं, पाटी काढायची तर सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा लागेल." शेवटी सकाळी सहा ते सात, गाड्या निघायच्या आत, तोंडी परवानगी मिळाली. संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या एका शाळेच्या शेडमध्ये लहान मुलांच्या बॅचबरोबर जायला लागले. महिना 1,800. तिथली मुलं मला ताई म्हणत, एक सहा वर्षांचा काकू म्हणे. त्याला कुणी दुरुस्त केलं नाही.

घरी स्टिकचा सराव. हॉलच्या टाइल्सवर लाकडी चेंडू डावीकडून उजवीकडे, मान वर, नजर टीव्हीवर. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "सुतारकाम अजून किती दिवस आहे गं?" मी चेंडू दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला, खाली गेल्या आणि मुलाचा जुना मोजा घेऊन आल्या. मोज्यात गुंडाळलेला चेंडू आवाज करत नाही, आणि तो जड सरकतो म्हणून मनगटं जास्त तयार होतात.

खऱ्या पकची गोष्ट वेगळी. कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजन 156 ते 170 ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवतात, म्हणजे फारशी उसळत नाही. मी एक मागवून फ्रीजरमध्ये मटारांशेजारी ठेवली. आई रोज मटार काढताना तिला बाजूला सारायची आणि रोज विचारायची, "हे नक्की खायचं नाही ना?"

सप्टेंबरात कागद. राज्य आइस हॉकी संघटनेच्या निवड चाचणीसाठी नोंदणी करायची तर जन्मदाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि हमीपत्र हवं. वयाची वरची मर्यादा नव्हती. ते मी तीनदा वाचून खात्री केली.

अधिवासाचा अर्ज 'आपले सरकार'वर ऑनलाइन भरला आणि पहिला माझ्याच चुकीनं परत आला. रहिवासाचा पुरावा म्हणून मी दोन वर्षांची विजेची बिलं जोडली होती. त्याहून कितीतरी जास्त वर्षांचा सलग पुरावा लागतो. दुसऱ्यांदा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड आणि बाबांच्या नावचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट लावलं. मूळ कागद दाखवायला तहसील कार्यालयात एक चक्कर झाली. तिथवर गेल्यावर शेजारची मामलेदारची मिसळ न खाता परत येणारा ठाणेकर मी अजून पाहिलेला नाही. दोन्ही अर्ज धरून प्रमाणपत्र हातात यायला 19 दिवस लागले. चाचणीच्या तारखेची वाट न बघता हा एक कागद आधी काढून ठेवा, तो पुढे दहा ठिकाणी लागतो.

हमीपत्रासाठी कोर्ट नाक्यावर शंभरचा स्टॅम्प पेपर मागितला तर विक्रेता माझ्याकडे बघून हसला. ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचाच. बँकेत बसून असलं ज्ञान मला असायला हवं होतं. मजकूर असा होता, की सरावात वा सामन्यात मला दुखापत, कायमचं अपंगत्व अथवा मृत्यू आल्यास मी किंवा माझे वारस कुणालाही जबाबदार धरणार नाहीत. मी रोज लोकांकडून 'येथे सही करा' म्हणत असली पत्रं घेते. स्वतःवर वेळ आली तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचलं.

एक विम्याचंही सांगते. माझ्या वैयक्तिक अपघात पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले होते, ते बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर सापडलं. लेहच्या प्रवासासाठी हिवाळी खेळ धरणारी वेगळी पॉलिसी काढली. एजंटला फोनवर विचारू नका, ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

12 ऑक्टोबरला, रविवारी, पुण्यात चाचणी झाली. चाकांवर. आपल्या राज्यात पूर्ण मापाचं बर्फाचं मैदान नसल्यानं आइस हॉकीची निवड काँक्रीटवर होते; हे ऐकून बँकेतले सगळे हसतात, मीही हसले होते. चौदा मुली. माझ्यानंतरची सगळ्यांत मोठी बावीस वर्षांची. वेग, वळणं, पास, मग तिघी-तिघींचे छोटे सामने. दोन सामन्यांत मी एकदाही बाहेर बसले नाही. आमच्या शाळेच्या संघात जेमतेम सहा जणी असायच्या, त्यामुळे फॉरवर्ड म्हणजे शिट्टीपासून शिट्टीपर्यंत पळायचं हेच मला माहीत. निवड करणाऱ्या सरांनी शेवटी एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही दमलात की बाहेर का येत नाही?" मला तो प्रश्न कौतुकाचा वाटला. उत्तर म्हणून मी हसले.

यादी यायला 23 दिवस लागले. रोज व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी 'काही कळलं का?' विचारायचं आणि खाली पाच जोडलेले हात. 4 नोव्हेंबरला पीडीएफ आली. माझं नाव राखीव खेळाडूंत दुसरं. म्हणजे कुणी दोघी आजारी पडल्या तर. त्या रात्री मी जेवले नाही, एवढं लिहून हा भाग सोडते.

दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर एकीनं लेहच्या शिबिराची माहिती टाकली. जानेवारीत अकरा दिवस, महिलांसाठी, नवशिक्यांनाही प्रवेश, शेवटी सामने. राहणं-जेवण धरून 24,000. मी त्याच दुपारी आवर्ती ठेव मोडली. काउंटरवरच्या सहकारी मैत्रिणीनं मुदतपूर्व पैसे काढण्याचं कारण विचारलं, ते रकान्यात लिहावं लागतं. तिनं 'वैयक्तिक' लिहिलं.

लेहला जाण्याआधी बर्फाला एकदा तरी पाय लागावा म्हणून 22 आणि 23 नोव्हेंबरला दिल्लीकडच्या एका मॉलमधल्या छोट्या रिंकवर गेले. देशात पूर्ण मापाचं, छपराखालचं बर्फ हवं तर डेहराडूनचा हिमाद्री रिंक आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, मग कित्येक वर्षं बंद, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथलं माझ्या सुट्टीशी जुळलं नाही. मॉलचा रिंक म्हणजे आमच्या शाखेच्या दुप्पट असेल, मधोमध वाढदिवसाची पार्टी चाललेली. विमान, राहणं, रिंकचे तास मिळून 16,300 रुपये. महाग पडलं, पण हे केलं नसतं तर लेहमधले पहिले चार दिवस मी नुसती कठडा धरून काढले असते.

चाकांवर बारा वर्षांपूर्वी का होईना, मी सहा वर्षं काढलेली. बर्फावर पुढे जायला मला वीस मिनिटं पुरली. थांबायला दोन दिवस लागले. चाकांवर थांबायचं तर एक पाय मागे आडवा घासत न्यायचा. बर्फावर दोन्ही पाय एकदम आडवे फिरवून, गुडघे वाकवून बर्फ खरवडायचा असतो. स्केटचं पातं सुरीसारखं एका धारेचं नसतं. तळाला मधोमध बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन धारा, आतली आणि बाहेरची. थांबताना या धारांवर किती भार द्यायचा ते मांड्यांनाच कळावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नाही. कमी दिला तर घसरत जाता, जास्त दिला तर पातं रुततं आणि तुम्ही पुढे उडता. तिथली सोळा वर्षांची मुलगी मला शिकवत होती. ती थांबली की खर्रकन आवाज येई आणि माझ्या गुडघ्यापर्यंत बर्फाचा चुरा उडे. माझ्या थांबण्याला आवाज नव्हता, फक्त शेवटी धप्प. सोमवारी ट्रान्स हार्बर लोकलला मी उशी घेऊन बसले होते. माकडहाडासाठी.

आता सामान. पूर्ण किट नवं घेतलं तर लाखाच्या घरात जातं. मी जुनं-नवं मिळून 48,050 मध्ये बसवलं. स्केट्स जुने, 14,000. इथे मी फसले. हॉकी स्केट्सचा नंबर आपल्या बुटांच्या नंबरपेक्षा एक-दीडनं लहान घ्यायचा असतो. मी ते सांगूनही विकणाऱ्यानं बुटांचाच नंबर पाठवला आणि बदलून यायला 18 दिवस लागले. पाय स्केटमध्ये सैल राहिला तर घोटा वळतो, म्हणून यात तडजोड करू नका. स्टिक 5,500, हेल्मेट 6,200. बायकांच्या खेळात पूर्ण चेहरा झाकणारी जाळी किंवा काच सक्तीची आहे, तेव्हा हेल्मेट जाळीसकट घ्या. बाकी खांदे, कोपरं, नडग्यांचे पॅड, हातमोजे, जाड हाफ पँट, बायकांसाठीचं ओटीपोटाखालचं संरक्षक, आणि गळपट्टा.

गळपट्ट्याबद्दल आईशी बोलणं झालं नव्हतं. 2023 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एका सामन्यात दुसऱ्याच्या स्केटचं पातं गळ्याला लागून एक व्यावसायिक खेळाडू गेला, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं गळपट्टा सगळ्यांना बंधनकारक केला. हे आईनं स्वतःच कुठेतरी वाचलं. डिसेंबरात एका रविवारी मी हॉलमध्ये सगळं किट चढवून बघत होते. क्रम असा: आधी आतले घट्ट कपडे (सुती नको, घाम धरून गार पडतं), मग ओटीपोटाचं संरक्षक, नडग्या, मोजे, पँट, मग स्केट्स, कारण वरचं सगळं चढवल्यावर वाकून नाडी आवळता येत नाही. मग खांदे, कोपरं, जर्सी, हेल्मेट, हातमोजे. पहिल्यांदा मला 34 मिनिटं लागली. आई सोफ्यावर भाजी निवडत होती. सगळं झाल्यावर ती उठली, माझी हनुवटी वर केली, गळपट्ट्याच्या आत बोट घालून किती सैल आहे ते बघितलं, मागची पट्टी सोडून पुन्हा घट्ट लावली आणि परत भाजी निवडायला बसली. अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही, खाली सैल वेणी घालायची, हेही तिनंच ठरवलं.

रजेचा अर्ज: अर्जित रजा, 15 दिवस, कारण 'आइस हॉकी शिबिर'. साहेबांनी चष्मा वर केला. "म्हणजे आपल्या धनराज पिल्लेची हॉकी?" "नाही साहेब, बर्फावरची." "बर्फ कुठेय?" मी लेह म्हटलं. त्यांनी सही केली आणि येताना जर्दाळू आणायला सांगितले.

5 जानेवारी 2026 ला पहाटेचं मुंबई-दिल्ली-लेह. तिकिटं जाऊन-येऊन 23,600, किटच्या बॅगेचं जादा वजन 6,400. घरी तागडीवर बॅग 17 किलो भरली, शिवाय कपडे. विमानकंपनी खेळाचं सामान वेगळं धरते का ते तिकीट काढतानाच बघा, काउंटरवर भाव वाढतो.

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. हवेत प्राणवायू आपल्या खाडीकाठच्या मानानं दोन-तृतीयांशच मिळतो. पहिले दोन दिवस शिबिरवाल्यांनी आम्हाला खोलीबाहेर पडू दिलं नाही, आणि ते ऐका. मी पहिल्या संध्याकाळी फक्त जिना चढून गच्चीवर गेले आणि डोकं असं ठणकलं की तांब्याची घागर कुणी आत वाजवतंय. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आमच्या डॉक्टरांनी आधीच विचारपूर्वक लिहून दिली होती. स्वतःच्या मनानं घेऊ नका. आणखी एक: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. मला हे उतरल्यावर कळलं. घरमालकिणीच्या वायफायवरून आईला 'पोचले' असा निरोप जाईपर्यंत ठाण्यात तीन नातेवाइकांना फोन झाले होते. मालकिणीला सगळ्या 'आचे-ले' म्हणत, म्हणजे ताई. मीही म्हणू लागले.

8 तारखेला पहाटे रिंकवर. आदल्या रात्री पाण्याचे थर देऊन नैसर्गिकरीत्या गोठवलेला बर्फ. उणे सतरा. पापण्यांवर दव गोठतं हे मी ऐकून होते. नाकातले केस गोठतात हे कुणी सांगितलं नव्हतं. ऊन वर आलं की बर्फ मऊ पडतो, म्हणून सराव सकाळी लवकर आणि संध्याकाळी. मधल्या वेळात बर्फावर साचलेला चुरा आम्हीच लांब वायपरनं ढकलून काढायचा. फरशी पुसायला असतो तसाच, फक्त दोघींनी धरायचा. खेळण्याआधी मैदान पुसायचं, हे मला आवडलं.

कपडे बदलायला एक तंबू, मधोमध बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. शिकवणाऱ्या बऱ्याचशा मुली लडाखी. त्यांतली एक, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, हातमोजे बुखारीवर शेकत जुन्या गोष्टी सांगायची. सत्तरच्या दशकात सैन्यातले जवान इथे खेळू लागले, गावातली पोरं लष्करी बुटांना लोखंडी पट्ट्या ठोकून स्केट्स करायची. 2016 मध्ये महिलांचा संघ पहिल्यांदा तैपेईला आशियाई चॅलेंज कप खेळायला गेला, त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केलेली. सगळे सामने हरले. 2017 ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सविरुद्ध 4-3, तो पहिला विजय. 2018 च्या जानेवारीत कॅनडाची हेली विकेनहायझर लेहला आली होती, चार ऑलिंपिक सुवर्णं मिळवलेली फॉरवर्ड, आणि इथल्या पोरींबरोबर याच थंडीत खेळली. ही सांगणारी तेव्हा शाळेत होती. "त्यांनी सांगितलेलं काय लक्षात आहे?" विचारलं तर म्हणाली, "माथा ऊपर रखो." मान वर. माझ्या हॉलमधला टीव्ही आठवला.

माझी जागा उजव्या विंगला. फॉरवर्ड तिघी: मधली सेंटर आणि दोन विंगा, मिळून एक लाइन. मागे दोघी डिफेन्स, एक गोलकीपर. बर्फावर एका वेळी सहाच, पण बाकावर तीन-तीन लाइन्स बसलेल्या, आणि खेळ न थांबता कठड्यावरून बदली. एका खेपेला शिफ्ट म्हणतात, आणि ती चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. चाळीस! मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तीन दिवस हाच सराव: जीव तोडून पळा, पक खोलवर टाका, बाहेर या. मेरी-फिलिप पूलॅंनं 2010, 2014 आणि 2022 अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत कॅनडासाठी विजयी गोल केले, तीही पाऊण मिनिटानं बाकावर येते, असं आमची ताई म्हणायची. एका रात्री आम्ही अमेरिकेची खेळाडू केंडल कॉइनचा 2019 चा व्हिडिओ बघितला, रिंकची एक फेरी 14.346 सेकंदांत. सकाळी मी माझी फेरी मोजायला लावली. 27. पुन्हा मोजायला सांगितली नाही.

16 तारखेला संध्याकाळी सामना. शिबिरातल्याच दोन टीम, पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन भाग. मी तिसऱ्या लाइनमध्ये. पहिल्याच शिफ्टला पक माझ्याकडे आला, एकीला चकवलं, पास दिला, परत मिळाला. अंगात आलं म्हणतात ना, तसं. बाकावरून ओरडत होत्या, "दीदी, चेंज! चेंज!" मला ऐकू येत होतं. पण पक आमच्याकडे होता, आणि आता कशाला जायचं? मग तो गेला. मी मागे फिरले तर मांड्यांत जीव नव्हताच. समोरून तीन ताज्या मुली आल्या, माझ्या बाजूनं, आणि मी त्यांना जाताना बघत राहिले. गोल. बाकावर आले तेव्हा कुणीतरी घड्याळ दाखवलं: एक मिनिट बावीस सेकंद. श्वास घ्यायला वाकले तर जाळीतून लाळ गळून गोठली.

मला वाटलं आता ऐकावं लागणार. शिकवणारी ताई शेजारी येऊन बसली, समोर बघत म्हणाली, "दीदी, आप अच्छा खेल रही थीं। इसीलिए आना था।"

पुण्याच्या सरांचा प्रश्न मला तिथे, उणे बारामध्ये, तीन महिन्यांनी कळला.

दुसऱ्या भागात माझ्यामुळे आमचा एक गोल रद्द झाला. निळ्या रेषेच्या, म्हणजे समोरच्यांच्या भागाच्या हद्दीच्या, आत पक जायच्या आधी माझे दोन्ही स्केट्स जाऊन बसले होते; ऑफसाइड. एक पाय रेषेवर फरफटत मागे ठेवायचा असतो, शंभरदा केलेलं, ऐन वेळी विसरले. नंतर एकीच्या कमरेत स्टिक अडकवली म्हणून हूकिंगची दोन मिनिटं शिक्षा. पेटीत एकटी बसून मी तेवढा वेळ मस्त दम खाल्ला. अशी बिनव्याजी मुदत ठेव मी आयुष्यात पहिल्यांदा ठेवली.

तिसऱ्या भागात एक शिफ्ट नीट जमली. कोपऱ्यात त्यांच्या डिफेन्सवर धावून गेले, ती घाईत पक कठड्यालगत मारून मोकळी झाली. माझ्या हाताला काही लागलं नाही. मनात मोजत होते, अडतीस, एकोणचाळीस. वळले आणि बाकाकडे सुटले. कठड्याला हात लागला तशी माझ्या जागची मुलगी उडी मारून गेली, लेहचीच, सतरा वर्षांची. तो कठड्यालगतचा पक अजून फिरत येत होता. तिनं तो वाटेत पकडला, सेंटरला दिला, आणि गोल झाला. मी तोवर बसलेही नव्हते, एक पाय अजून बर्फावर होता. सामना आम्ही 4-2 हरलो.

परतीचं विमान हवामानामुळे एक दिवस उशिरा सुटलं. लेहला जानेवारीत जाताना मागे एक मोकळा दिवस ठेवाच, आणि रजाही. जर्दाळू साहेबांना पोचले. एकूण खर्च, गरम कपडे आणि कागदपत्रं धरून, 1 लाख 32 हजारांच्या आसपास.

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "गोल झाला का?"

"झाला."

"तू केलास?"

"नाही, मी बाहेर येत होते."

ती "बरं" म्हणाली आणि बॅग उघडायला गेली. ओल्या किटचा वास इतका होता की बाल्कनीचं दार दोन दिवस बंद ठेवावं लागलं. येतानाच बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला हवे होते. आणि स्केट्सची पाती पुसून, हलकं मशीनचं तेल लावून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवू नका. मी ठेवलं. लेहमध्ये अकरा दिवस काही झालं नाही, ठाण्यात चौथ्या दिवशी डाव्या पात्यावर तांबूस ठिपके आले. आता रविवारी ते घासायला बसायचं आहे. अधिवासाच्या चार रंगीत प्रती काढून फाइलला लावल्यात, नोंदणी पुन्हा सप्टेंबरात उघडेल.